प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाला : सार्वजनिक आरोग्य संशोधनातील लोकसहभाग

सार्वजनिक आरोग्याचे संशोधन लोकांवाचून होऊच शकत नाही, कारण पाणवठे, बाळंतिणीच्या खोल्या, गिरणगावातल्या चाळी, आश्रमशाळा आणि ऊसतोडणीचे फड हीच त्याची प्रयोगशाळा असते. लोक तेथे कोणत्या नात्याने हजर असतात, हा मात्र निराळा प्रश्न आहे आणि मराठीत तो विचारतानाच पहिली अडचण येते. ज्याच्या दंडातून रक्त काढले जाते आणि ज्याच्याकडून संमतिपत्रावर अंगठा घेतला जातो तो ‘सहभागी’. संशोधनाचे निष्कर्ष ऐकायला ग्रामसभेत बसलेला तोही ‘सहभागी’. आणि काय तपासायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत ज्याचे मत मोजले जाते तोही ‘सहभागी’च. ब्रिटनमधील आरोग्य संशोधनाच्या व्यवहारात या तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द कटाक्षाने वापरले जातात आणि लोकसहभाग ही संज्ञा तिसऱ्या अर्थापुरतीच, म्हणजे लोकांबरोबर किंवा लोकांकडून झालेल्या संशोधनापुरतीच, राखून ठेवली जाते. प्रस्तुत आढाव्यातही ती याच अर्थाने घेतली आहे.

कोणत्याही अभ्यासाचे ढोबळ टप्पे पाच : प्रश्न ठरवणे, पद्धत आखणे, माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि निष्पन्न झालेले उत्तर कोणाच्या तरी हाती देणे. गेल्या काही दशकांत लोकसहभागाच्या नावाने जे झाले त्याचा बहुतांश भाग मधल्या टप्प्यात सामावतो. स्थानिक तरुण सर्वेक्षक म्हणून नेमले जातात, आशा कार्यकर्तीकडून याद्या मागवल्या जातात, गावच्या सरपंचाकडून शिफारसपत्र घेतले जाते. दोन्ही टोके, म्हणजे प्रश्न आणि उत्तर, मात्र तज्ज्ञांच्या ताब्यात राहतात. जेथे ही टोके थोडीफार मोकळी झाली तेथे संशोधनाचे स्वरूपच पालटले, आणि जेथे ती बंद राहिली तेथे मधल्या टप्प्यातील सहभाग कितीही मोठा असला तरी तो मजुरीच ठरला, असे उपलब्ध अनुभवांवरून म्हणता येते.

ही गोष्ट आधुनिक काळातील नवी टूम नव्हे. साथरोगशास्त्राचा, म्हणजे रोग समाजात कसे, कोठे आणि का पसरतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा, जन्म ज्या घटनेपासून सांगितला जातो ती 1854 मधील लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटची पटकीची साथ आणि पंपाचा दांडा काढायला लावणारे डॉ. जॉन स्नो यांची कथा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या कथेतून बहुधा गळणारे नाव हेन्री व्हाइटहेड यांचे. हा त्या वस्तीतला तरुण धर्मोपदेशक, डॉक्टर नव्हे. पाण्यातून पटकी पसरते हे स्नो यांचे म्हणणे त्याला आरंभी पटले नव्हते आणि ते खोडून काढण्याच्या हेतूनेच त्याने घरोघर चौकशी सुरू केली. कोण कोठले पाणी प्याले, कोण साथीच्या भीतीने गाव सोडून गेले, कोणाच्या घरी आधी आजार आला हे त्याला विचारता आले, कारण मेलेल्यांची घरे त्याच्या नित्य वहिवाटीतली होती. या चौकशीने त्याचे स्वतःचे मत तर बदललेच, शिवाय ब्रॉड स्ट्रीटवरील चाळीस क्रमांकाच्या घरातील तान्ह्या मुलीचे आजारपण आणि तिचे दुपटे धुतलेले पाणी विहिरीलगतच्या मैलाकुंडात ओतले जात असल्याचा दुवाही त्यातूनच हाती लागला. नकाशा स्नो यांचा. पण साथीचा उगम दाखवणारा पुरावा वस्तीच्या माणसाने वस्तीला विचारून मिळवलेला आहे. शास्त्राच्या इतिहासलेखनाने पहिले नाव ठेवले आणि दुसरे तळटीपेत ढकलले, यात आश्चर्य काही नाही.

मुंबई इलाख्याने याच्या नेमकी उलट रीत अनुभवली. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला, पुढल्याच वर्षी साथरोग कायदा आला आणि पुण्यात घरतपासणीसाठी गोरे सोल्जर घुसले. घरातील माणसे, देवघर, बायकांची आब यांतले काहीही तपासणीच्या आड येऊ दिले गेले नाही. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यातील प्लेग बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांमागे हाच संताप होता. याच सुमारास वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर तिची पहिली पद्धतशीर परीक्षा भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. कैद्यांना ‘स्वेच्छेने’ पुढे येण्यास सांगितले गेले होते; तुरुंगात स्वेच्छा किती असते हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. हाफकिन यांची निष्ठा आणि त्यांच्या लसीने वाचवलेले जीव हे निर्विवाद असले तरी लोकांकडे तपासण्याची वस्तू म्हणून पाहण्याची आणि त्यांच्या विरोधाला अडाणीपणा म्हणण्याची सवय प्लेगच्या काळात प्रशासनाला जडली, आणि ती इंग्रजांबरोबर बोटीत बसून परत गेली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन निरनिराळ्या दिशांनी या सवयीला आव्हान मिळाले. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना हवे तसे हाताळणे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे आणि सल्ला विचारणे, आणि वरच्या पायऱ्यांवर भागीदारी ते प्रत्यक्ष नियंत्रण असा चढता क्रम होता, आणि मधल्या पायऱ्यांना तिने स्पष्टपणे नाममात्र सहभाग ठरवले. तिचा विषय शहररचना हा होता. आरोग्य संशोधकांनी ती शिडी उसनी घेतली आणि आजही प्रत्येक चर्चेत ती भिंतीला टेकवून ठेवलेली सापडते. दुसरे आव्हान प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या 1978 च्या आल्मा आटा आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याचे. आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी यांत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे असे त्यात म्हटले गेले. त्यामागे जी प्रत्यक्ष उदाहरणे होती त्यांत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण ठळक होते. तेथे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून निरक्षर, बहुतांशी दलित आणि गरीब स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले आणि शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्याकडे गावातील मुलांची वजने, विहिरी आणि आजार यांची नोंद ठेवण्याचे काम सोपवले. जाहीरनाम्याने नियोजन आणि अंमलबजावणी हे शब्द वापरले. संशोधनाबद्दल मात्र तो तितका बोलका नव्हता. ज्ञान निर्माण करण्याचा हक्क हा त्यापुढचा टप्पा होता.

तो टप्पा महाराष्ट्रात गडचिरोलीने गाठला, आणि आरंभीच्या चुकीसह गाठला, म्हणून हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलचा होता. सिकलसेल म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याने वैद्यकाच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा होता. परंतु ज्यांच्या रक्तात तो सापडला त्या लोकांनी त्यात फारसा रस दाखवला नाही. ज्यावर तेव्हा बरे करणारा उपचार नव्हता, जो रोजच्या दुखण्यांच्या यादीत नव्हता आणि ज्याबद्दल त्यांनी कधी विचारलेही नव्हते अशा गोष्टीचे उत्तर त्यांच्यापुढे ठेवले गेले होते. हा अनुभव डॉ. अभय बंग यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे मांडला आहे, आणि संशोधक आपल्या अभ्यासाच्या निवडीला लोकांच्या दृष्टीने गैरलागू म्हणतो हे आपल्याकडे इतके दुर्मीळ आहे की त्याची नोंद व्हायला हवी.

यानंतर प्रश्न विचारण्याची दिशा उलटली. स्त्रियांशी बोलताना श्वेतप्रदर, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातील दुखणे हे विषय वारंवार पुढे येत होते, आणि त्या काळच्या आरोग्य कार्यक्रमांना स्त्रीच्या गर्भाशयात रस होता तो गर्भधारणा आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरताच. दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून राणी बंग आणि सहकाऱ्यांनी जो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला त्यात 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आणि त्यांपैकी जेमतेम 8 टक्के स्त्रियांची यापूर्वी कधी तशी तपासणी झाली असल्याचे दिसले. गरोदर नसलेल्या स्त्रीलाही शरीर असते हे जागतिक आरोग्य धोरणाला या आकड्यांनी दाखवले. आकडे डॉक्टरांनी मोजले; परंतु मोजण्याजोगे काय आहे हे स्त्रियांच्या बोलण्यातून ठरले होते. याच स्त्रियांनी दारू हा आरोग्याचा प्रश्न आहे असेही सांगितले. कोणत्याही वैद्यकीय वर्गीकरणात नवऱ्याची दारू हे बायकोचे दुखणे म्हणून येत नाही. तरीही तो प्रश्न अभ्यासाचा आणि चळवळीचा विषय झाला आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

पद्धतीच्या टप्प्यावरही लोकांच्या ज्ञानाने काय बदलते ते बालकांच्या न्यूमोनियाच्या कामात दिसते. विदर्भात मुलाच्या छातीच्या या आजाराला ‘डब्बा’ म्हणण्याची रीत आहे. आयांना तो ओळखता येतो, नाव ठाऊक नसते ते फक्त इंग्रजी. न्यूमोनियाची मुख्य खूण म्हणजे मिनिटातील श्वासांची संख्या ठराविक मर्यादेपलीकडे जाणे. परंतु ज्या सुईणींनी हे मोजायचे त्यांना मोठे आकडे येत नव्हते. यावर साक्षरता वर्ग काढणे हा सरळ आणि निरुपयोगी उपाय झाला असता. त्याऐवजी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले श्वासमापक बनवले गेले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर औषध द्यायचे, वरची आणि खालची ओळ बाळाच्या वयानुसार वेगळी. सुईणीच्या अंकज्ञानाची मर्यादा हे उपकरणाच्या आखणीचे माप ठरले. शास्त्रीय अचूकता आणि लोकांची सोय यांत एकाचा बळी द्यावा लागतो असे जे गृहीत धरले जाते, त्याला हे लहानसे लाकडी साधन उत्तर आहे.

गडचिरोलीचा सर्वाधिक गाजलेला अभ्यास नवजात बालकांच्या घरच्या घरी घ्यायच्या काळजीचा. 39 गावांत प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, ऊब देत, श्वास सुरू नसेल तर तो सुरू करत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तुलनेसाठी 47 गावे होती. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी उतरले. दहावीही न झालेल्या बाईच्या हाती सुई देणे हे वैद्यकीय व्यवसायाला मानवण्यासारखे नव्हते, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत घरभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला तेव्हा इंजेक्शन वगळूनच तो स्वीकारला. येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आरोग्यदूत या अभ्यासात अंमलबजावणीच्या वाटेकरी होत्या. तुलनेची गावे कोणती, मोजायचे काय आणि किती वर्षे, हे आराखड्याचे निर्णय संशोधकांचेच होते. लोकसहभागाच्या प्रत्येक नामांकित उदाहरणात हे मिश्रण असते, आणि ते लपवण्यापेक्षा सांगितलेले बरे.

सहभाग हाच उपचार मानून त्याची परीक्षा घेणारे संशोधन झाले ते नेपाळ, बांगलादेश, मलावी आणि भारत या देशांत. त्यामागील कल्पना साधी आहे. स्त्रियांच्या गटाने महिन्यातून एकदा जमायचे, चित्रे आणि गोष्टींच्या आधाराने बाळंतपणातील आणि बाळाच्या अडचणींची यादी करायची, त्यांतील महत्त्वाची कोणती ते आपसांत ठरवायचे, आपल्याला झेपेल असा उपाय शोधायचा, तो अमलात आणायचा आणि काय झाले ते पुन्हा बसून पाहायचे. हा उपाय खरोखर चालतो का, हे पाहण्यासाठी समूह यादृच्छिक चाचणी वापरली गेली. म्हणजे व्यक्तींऐवजी गावांच्या समूहांच्या चिठ्ठ्या टाकून काहींत गट स्थापन करायचे, काहींत नाही, आणि मग दोन्हींकडील मृत्यू मोजायचे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात 2004 मध्ये नवजात मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजूट’ या संस्थेने 36 समूहांत 2005 ते 2008 दरम्यान केलेल्या चाचणीत शेवटच्या दोन वर्षांत ही घट 45 टक्क्यांवर गेली. औषध नाही, यंत्र नाही. बायका एकत्र बसल्या आणि बोलल्या, एवढेच वरवर दिसणारे.

इतक्या सुखद निष्कर्षाला मुंबईने खो घातला, आणि सहभागाच्या अभ्यासकांनी या प्रकरणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. ‘स्नेहा’ या संस्थेने मुंबईतील 48 झोपडवस्त्यांत याच पद्धतीची चाचणी घेतली. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बाळंतपणाची काळजी किंवा अर्भकांचे जगणे यांत गटांमुळे सुधारणा झाल्याचे दिसले नाही. कारणे शोधणे कठीण नाही. झोपडवस्तीतली भाडेकरू बाई आज कुर्ल्याला आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जौनपूरला किंवा जालन्याला असते. ती घरकाम, पापड किंवा शिलाई यांत दिवस घालवते. आणि शेजारीण ही गोतावळ्यातली असतेच असे नाही. शिवाय मुंबईत बहुतेक बाळंतपणे आधीच दवाखान्यात होत होती, त्यामुळे दवाखान्याच्या आत काय होते हा खरा प्रश्न होता आणि त्यावर वस्तीतल्या गटाचा ताबा नव्हता. झारखंडमध्ये गाव हेच उत्तर होते. मुंबईत उत्तर पालिकेच्या प्रसूतिगृहात आणि खाजगी नर्सिंग होममध्ये होते.

दुसरा धडा बांगलादेशाचा. तेथील पहिल्या चाचणीत परिणाम दिसला नाही आणि सहभागाची कल्पनाच तेथे लागू पडत नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह झाला असता. परंतु आकडे जुळवून पाहता एकजूटच्या क्षेत्रात दर 468 लोकसंख्येमागे एक गट होता, मकवानपुरात 756 मागे एक आणि बांगलादेशात 1414 मागे एक. गटांची संख्या वाढवून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा तेथेही नवजात मृत्यूंत 38 टक्के घट आढळली. एकत्रित विश्लेषणातून पुढे आलेला ठोकताळा असा की गरोदर स्त्रियांपैकी निदान 30 टक्के गटात आल्या तरच परिणाम ठळक दिसतो. सहभागाला मात्रा असते, औषधासारखीच. चार बायकांची सभा भरवून छायाचित्र काढणाऱ्या प्रकल्पांनी हा आकडा कार्यालयात टांगून ठेवायला हरकत नाही. या सर्व चाचण्यांवर एक आक्षेपही राहतो : लोकांनी आपापसात प्राधान्यक्रम ठरवायचा असे म्हणत असताना विषय, म्हणजे माता आणि नवजात बालक, आधीच ठरलेला होता. गटाने रस्ता किंवा रेशन हा पहिला प्रश्न मानला असता तर चाचणीच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

सहभागाचा अर्थ केवळ संमती एवढाच घेतला तर काय घडते, याचे उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रायोगिक प्रकल्पाने दिले. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत शाळकरी मुलींना ही लस दिली गेली. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. उघडे पडले ते संमतीचे स्वरूप : आंध्रात तपासलेल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 वर अंगठ्याचे ठसे होते आणि 2,763 वर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. माहितीपूर्ण संमती, म्हणजे धोका आणि फायदा समजून उमजून दिलेला होकार, कागदावर पाळली गेली होती. ज्यांच्या मुली होत्या ते आदिवासी पालक या व्यवहारात कोठेच नव्हते. लस उपयुक्त असूनही त्यानंतर बरीच वर्षे ती भारतात संशयाच्या छायेत राहिली, आणि ही किंमत ज्यांनी मोजली त्या स्त्रियांची गणती कोणी केलेली नाही.

याउलट वाट पुण्यात चोखाळली गेली. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी 2005 मध्ये एचआयव्हीवरील लसीची भारतातील पहिली मानवी चाचणी सुरू झाली, आणि तिच्या आधी वस्तीचे सल्लागार मंडळ उभे करण्यात आले होते. हे मंडळ म्हणजे ज्या समाजातून स्वयंसेवक येणार त्याच समाजातील माणसांचा गट. माहितीपत्रकाची भाषा समजते का, लस घेतलेल्याला लोक एड्सचा रोगी समजतील का, घरी काय सांगायचे, असे शास्त्रज्ञाच्या लक्षात न येणारे प्रश्न तो विचारू शकतो. या लसीमुळे निर्माण होणारी प्रतिकारशक्ती पुरेशी नसल्याने ती पुढे गेली नाही, मात्र चाचणीभोवती खम्ममसारखे वादळ उठले नाही. सल्लागार मंडळाला नकाराधिकार नसतो आणि त्याचे सदस्य बहुधा संस्थेनेच निवडलेले असतात, त्यामुळे अर्नस्टीनच्या शिडीवर त्याची जागा मधलीच. तरी मधल्या पायरीलाही वजन असते हे मान्य करायला हवे. या मंडळांची मुळे 1980 च्या दशकातील अमेरिकेत आहेत. तेथे एड्सच्या रुग्णांनी 1983 मध्ये डेन्व्हर येथे स्वतःला बळी म्हणवून घेण्यास नकार देत निर्णयांच्या प्रत्येक पातळीवर जागा मागितली होती, आणि पुढे औषधचाचण्यांचे आराखडेही त्यांच्या आग्रहामुळे बदलले.

महाराष्ट्रातील आणखी एक प्रवाह असा आहे की त्याला संशोधन म्हणावे की नाही यावरच मतभेद आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत 2007 मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे होते आणि पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. गावच्या समितीने आरोग्यसेविका येते का, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे मिळतात का, बाहेरची चिठ्ठी दिली जाते का, बाळंतपणाला पैसे मागितले जातात का हे विचारून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, तो तक्ता गावात लावायचा आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. साथरोगशास्त्रज्ञाच्या दृष्टीने यात नमुना निवड सदोष आणि मोजमाप ढिले. परंतु येथे पाचही टप्पे लोकांच्या हाती होते : प्रश्न गावाचा, रंग गावाचे आणि उत्तर ज्याला द्यायचे तो वैद्यकीय अधिकारी समोरच्या खुर्चीवर. आरोग्य केंद्राच्या कारभारात यातून जे बदल घडले ते एखाद्या शोधनिबंधाने घडवले असते का, याची शंका घ्यायला पुरेशी जागा आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी निधीच्या आरोग्य संशोधनात लोकसहभागाला आधार देणारी यंत्रणा 1996 पासून आहे, 2004 मध्ये रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून संशोधनाचे प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी जेम्स लिंड अलायन्स स्थापन झाले, आणि 2019 मध्ये सहभागाची राष्ट्रीय मानकेही प्रसिद्ध झाली. याचा परिणाम मोजणाऱ्या 2018 च्या एका पद्धतशीर आढाव्यात चाचण्यांना स्वयंसेवक मिळण्याच्या प्रमाणात थोडी पण निश्चित वाढ आढळली आणि ज्या ठिकाणी सहभागी व्यक्तींना त्या आजाराचा स्वानुभव होता तेथे ती अधिक दिसली. सहभागाचे समर्थन रुग्णभरतीच्या टक्क्यांवर करावे लागणे यात थोडा विनोद आहे. शिवाय मानके आली की अर्जातील रकानेही येतात, आणि रकाने भरण्यात तरबेज असलेली निवृत्त, सुशिक्षित, सभेला सवडीने येऊ शकणारी मंडळीच ‘लोक’ म्हणून पुन्हा पुन्हा दिसू लागतात. ही तक्रार तेथे जुनी आहे.

आपल्याकडे ‘लोक’ कोण, हा प्रश्न याहून टोकदार आहे. गावाचा प्रतिनिधी म्हणून सरपंच, पोलीस पाटील किंवा बचत गटाची अध्यक्षा बोलते; भूमिहीन, फासेपारधी, परित्यक्ता किंवा सहा महिने ऊसतोडीला गेलेले कुटुंब त्या बोलण्यात असेलच असे नाही. सभेत दिवस घालवणाऱ्या मजूर स्त्रीची रोजी बुडते, आणि संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सल्लागार संख्याशास्त्रज्ञाचे मानधन असते तेव्हा तिच्या दिवसाला चहाबिस्किटांवर भागवणे ही सहभागाची क्रूर थट्टाच होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी समाजाशी संवाद आणि निष्कर्ष समाजापर्यंत पोहोचवणे यांचा उल्लेख केला आहे, आणि नैतिकता समित्यांवर अवैद्यकीय सामान्य सदस्य असणेही अपेक्षित आहे. परंतु अशा सामान्य सदस्याला प्रस्ताव अनेकदा इंग्रजीतच मिळतो, आणि तो त्या प्रस्तावातील रुग्णासारखा असण्यापेक्षा प्रस्ताव लिहिणाऱ्यासारखाच असण्याचा संभव अधिक.

उत्तराच्या टोकाशी गेले म्हणजे मालकीचा प्रश्न येतो, आणि तेथे सिकलसेलसारखा रक्तात वाहणारा आजार पुन्हा आठवतो, कारण आनुवंशिक रोगाचा नमुना एका माणसाचा असला तरी त्यातील माहिती सगळ्या कुळाची असते. जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू असून आदिवासी भागांत मोठ्या प्रमाणावर तपासणी होत आहे. ज्याची तपासणी झाली त्याला त्याचा निकाल कळावा हे त्यात मानलेले आहे. जमातीला जमात म्हणून काय कळावे, साठवलेल्या रक्ताचे पुढे काय व्हावे आणि ते कोणी ठरवावे, याचा विचार मात्र अमेरिकेत हावासुपाई या लहानशा आदिवासी जमातीने न्यायालयात जाऊन घडवून आणला. ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या या लोकांनी 1990 च्या सुमारास ॲरिझोना राज्य विद्यापीठाला रक्ताचे नमुने दिले ते जमातीत वाढलेल्या मधुमेहाचे कारण कळावे म्हणून. प्रश्न त्यांचाच होता. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनियाचा आणि जमातीच्या प्राचीन स्थलांतराचा अभ्यास झाल्याचे त्यांच्यातील एका विद्यार्थिनीला विद्यापीठातील व्याख्यानात बसले असताना कळले. आपण याच दरीतून उत्पन्न झालो ही त्यांची श्रद्धा त्या निष्कर्षांनी परस्पर खोडून काढली होती. 2010 मध्ये विद्यापीठाने तडजोड करून सात लाख डॉलर देण्याचे मान्य केले, आणि जमातीची काही माणसे दरीतून वर येऊन, प्रयोगशाळेच्या शीतपेटीपुढे प्रार्थना करून, उरलेले रक्त घरी घेऊन गेली.